विजेच्या मोटारीनें नागपुरास

वैशाखांत विदर्भांत जाणें हें धाडसाचें काम समजलें जातें, आणि तें उगीच नव्हे. २०१३ सालच्या मे महिन्यांत नागपुरास पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश म्हणजे तर तिकडे दरवर्षींचेंच. पुण्याच्या माणसानें चाळीस अंशांची तक्रार सांगितली कीं नागपूरकर आप्त त्याच्याकडे दयार्द्र दृष्टीनें पाहून हंसतात. तरीही मुंजी आणि लग्नें यांचे मुहूर्त नेमके याच महिन्यांत निघतात, आणि ज्यांचें वय, संधिवात किंवा दमा या प्रवासास मुळींच अनुकूल नाहीं, अशींच माणसें जाण्याचा हट्ट सर्वांत अधिक धरतात.

आमच्या घरांत हा हट्ट थोरल्या काकूंनीं धरला. त्यांचें वय एक्याऐशीं, गुडघे दुखरे, दोन्ही कानांत श्रवणयंत्रें. नागपुरास महाल भागांत त्यांची धाकटी बहीण असते, तिच्या नातवाची मुंज होती. धाकटी म्हणजे तीही अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणि तिचेही कान तितकेच अधू. टेलिफोनवर या दोघी बहिणींचें संभाषण गेलीं चार वर्षें असें चाललें आहे कीं, एकीनें विचारावें, “पाऊस पडला का ग?” आणि दुसरीनें उत्तर द्यावें, “हो, दोन वेळां घेतें, जेवणानंतर.” “आतां समोरासमोर बसूनच काय तें बोलणें व्हायचें,” असें काकू म्हणाल्या, तेव्हां त्यांना ‘नका जाऊं’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

प्रश्न होता तो वाहनाचा. मागें एकदां त्या एका वातानुकूलित बसनें गेल्या होत्या. त्या रात्रीं डोक्यावरच्या झरोक्यांतून थंड हवेचा असा मारा झाला कीं पुढें पंधरा दिवस गुडघे शेकावे लागले. त्यामुळें त्यांनीं साफ सांगितलें, “मला त्या थंड पेटाऱ्यांत कोंडायचें असेल तर मी येत नाहीं. खिडक्या उघड्या ठेवा. महाराष्ट्र एक्स्प्रेसनें आम्ही जात होतों, तेव्हां खिडकीला ओला पंचा बांधीत असूं. कोणी मेलें नाहीं.” वहिनींचें म्हणणें याच्या अगदीं उलट. चव्वेचाळीस अंशांत खिडक्या उघड्या टाकून म्हातारें माणूस न्यायचें म्हणजे हातानें उष्माघात ओढवून घ्यायचा, असें त्या म्हणत. आणि डॉक्टरांनींही तेंच बजावलें होतें. गाडी हांकणार माझा पुतण्या. त्याचा सूर तिसराच. मोटार त्याची, ती विजेवर चालणारी, आणि एसीनें जितकी वीज खाल्ली तितके मैल कमी झाले, हें गणित त्याच्या डोक्यांत अष्टौप्रहर चालूं असतें. अशा रीतीनें गाडीचें तापमान किती अंश ठेवावयाचें, हा वाद गाडी घराबाहेर पडण्याच्या आधीं आठ दिवस जेवणाच्या पंक्तीला रंगत होता.

वाहन थंड करण्याची खटपट तशी आजची नाहीं. मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ सालीं थंड हवेचा डबा जोडला गेला, त्यांत डब्याखालीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा खेळवीत, आणि वाटेंतील स्टेशनांवर बर्फ पुन्हां भरून घेत. मोटारींत हें यंत्र प्रथम विकावयास आणलें तें अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें, १९३९ सालीं. त्या गाडीची गंमत अशी कीं, यंत्र बंद करावयाचें झाल्यास चालकानें खालीं उतरून, इंजिन थांबवून, वरचें झांकण उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हातानें काढावा लागे. ती सोय आमच्या गाडींत असती तर वाद बराच आटोक्यांत राहिला असता असें मला वाटतें. आतां बोट लावलें कीं अंश बदलतो, आणि गाडींत बोटें पुष्कळ असतात.

पहांटे पांचला आम्ही पांचजण निघालों : पुतण्या, त्याच्या शेजारीं मी, मागें काकू, वहिनी आणि त्या दोघींच्या मध्यें माझी नऊ वर्षांची कन्या. अहिल्यानगरचा रस्ता त्या वेळीं मोकळा असतो. हवा गार होती, कांचा उतरविल्या होत्या, आणि विजेच्या मोटारीचें जें एक अपूर्व सुख तें पहिला तासभर आम्हांला निर्भेळ मिळालें. वाचकांपैकीं ज्यांनीं अशा गाडींतून प्रवास केला नसेल त्यांना सांगावयाचें म्हणजे, टांगा आणि मोटार यांच्यामधला, ज्याला नाद नाहीं आणि धक्काही नाहीं, असा तो एक प्रकार आहे. काकूंना मागच्या आसनावरून पुढचें बोलणें ऐकूं येत होतें. अनेक वर्षांत मोटारींत बसून त्यांनीं कोणाला ‘काय म्हणालास?’ असें विचारलें नव्हतें, तें त्या पहांटे विचारलें नाहीं.

रांजणगांवास सूर्य वर आला. महागणपतीचें दर्शन रस्त्यावरूनच घेतलें. या गांवाच्या औद्योगिक वसाहतींत टाटांच्या नेक्सॉन गाड्या तयार होतात, आणि त्यांची विजेवर चालणारी आवृत्ति २०२० सालच्या जानेवारींत बाजारांत आली. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील मध्यम स्थितींतल्या घरांत विजेच्या मोटारीचें नांव निघूं लागलें म्हटलें तरी चालेल. शिरूर ओलांडलें आणि ऊन बोचूं लागलें. पुतण्यानें कांचा चढविल्या, एसीची कळ दाबली, वर बावीसचा आंकडा उमटला, आणि त्याच क्षणीं गाडींतली ती सुखद शांतता संपली.

माझ्या कन्येनें पुढील दहा मिनिटांत या आवाजांची एक यादीच तयार केली. पहिला आवाज पिठाच्या गिरणीसारखा, तो समोरच्या जाळ्यांतून. दुसरा स्वयंपाकघरांतील फ्रिजसारखा, गुणगुणता, तो पायांखालून. तिसरा मधूनच येणारा, जणूं कोणी नाकाच्या टोंकावर शिटी वाजवीत आहे. आणि चौथा, पाणी बाटलींतून ओततांना होतो तसा गुडगुड. यादी इतकी बिनचूक होती कीं पुतण्यानें तीवरूनच सर्व यंत्र समजावून दिलें. गिरणी म्हणजे हवा ढकलणारा पंखा, ज्याला ब्लोअर म्हणतात. फ्रिज म्हणजे कॉम्प्रेसर. शिटी ही त्याच्याच वेगवान फिरण्याची, आणि गुडगुड ही नळ्यांतून वाहणाऱ्या शीतद्रव्याची.

यांतील एकही आवाज नवा नाहीं. पेट्रोलच्या गाडींतही हे सारे असतात. परंतु तेथें इंजिनाची घरघर त्यांना झांकून टाकते. मंगलकार्यांत सनई-चौघडा चालूं असतां कोपऱ्यांतल्या दोघांची कुजबूज ऐकूं येत नाहीं, तसाच हा प्रकार. सनई थांबली कीं कुजबूज उघडी पडते. शिवाय आणखी एक भेद आहे. पेट्रोलच्या गाडींत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून गाडी चौकांत उभी राहिली कीं तोही मंदावतो आणि आंतली माणसें घामाघूम होऊं लागतात. विजेच्या गाडींत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, तिचा चाकांशीं कांहीं संबंध नाहीं. त्यामुळें गाडी उभी असतांनाच, म्हणजे बाकी सर्व अगदीं निःशब्द असतें त्या वेळीं, तो पूर्ण जोरानें फिरूं शकतो. थंडावा त्यामुळें उत्तम मिळतो, मात्र आवाजास आडोसा म्हणून उरत नाहीं.

काकूंनीं अहिल्यानगर येईपर्यंत एक अक्षर काढलें नाहीं. त्या रागावल्या असाव्यात असें आम्हां सर्वांस वाटलें. चहाला थांबलों तेव्हां उलगडा झाला. श्रवणयंत्र हें बोलणें आणि गोंगाट यांत फारशी निवड करीत नाहीं. जें कानावर येईल तें मोठें करून आंत धाडतें. आमच्या कानांना जो पंख्याचा झुळझुळ आवाज, तो त्यांच्या कानांत धबधब्यासारखा कोसळत होता. त्यांनीं दोन्ही यंत्रें काढून पिशवींत ठेवून दिलीं होतीं, आणि शालींत गुरफटून, खिडकीबाहेर पाहात, आमच्या ओठांच्या हालचाली चुकवीत त्या दीड तास बसल्या होत्या. “तुम्ही बोला रे,” असें त्या म्हणाल्या, “माझें काय, मी आहें बाहेरचें बघत.” हें वाक्य घरांत ज्यांनीं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलें असेल, त्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको.

येथून पुढें गाडींतील प्रयोगास प्रारंभ झाला, आणि त्यांत वहिनींनीं पुढाकार घेतला. त्या भौतिकशास्त्राच्या पदवीधर. तीस वर्षें स्वयंपाकघरांत विज्ञान वापरलेल्या. त्यांनीं प्रथम विचारलें तें हें कीं, बावीसच कां? पुतण्यापाशीं उत्तर नव्हतें. बावीस म्हणजे चांगलें थंड, अशी एक सवय. वहिनींचें म्हणणें असें कीं, आंकडा खालीं ओढला म्हणून झोत अधिक थंड होतोच असें नाहीं. यंत्राला तेवढेंच कळतें कीं लक्ष्य अजून दूर आहे, आणि तें ब्लोअर मोठा करून धांवत सुटतें. म्हणजे आवाज वाढविणारा खरा हात त्या आंकड्याचा. आंकडा पंचविसावर नेला, आणि पांच-सात मिनिटांत गिरणी आपोआप मंदावली. पंख्याचें शास्त्र असें आहे कीं, त्याचा वेग निम्मा केला तर त्याला लागणारी वीज निम्मी नव्हे, सुमारें अष्टमांश होते. आणि आवाजाची घट तर कानाला त्याहूनही अधिक जाणवते. झोत तोंडावरून काढून पायांकडे आणि छताकडे वळविला. काकूंच्या बाजूची जाळी पूर्ण मिटली. नेवासे फाटा येईपर्यंत त्यांनीं एक श्रवणयंत्र पुन्हां कानांत घातलें होतें. ज्ञानेश्वरी ज्या गांवीं सांगितली गेली तें गांव डावीकडे राहिलें, तेव्हां काकू हात जोडून म्हणाल्या, “पैसाचा खांब मी दोनदां पाहिला आहे,” आणि पुढें प्रवरासंगमाचा पूल ओलांडीपर्यंत त्या दोन भेटींची हकीकत चालली होती. गोदावरी त्या दिवसांत रोडावलेली असते. पुलावरून तिचें पात्र पाहून मन जरा उदास होतें.

सरकारनेंही या आंकड्यांत लक्ष घातलें आहे. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या घरगुती एसीवर चालूं करतांच २४ अंश येतात. एक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. परंतु खोलींतले २४ आणि गाडींतले २४ हे एक नव्हेत. खोलीला भिंती असतात, गाडीला चहूंकडून कांच. मांडीवर ऊन पडलें असेल तर पंचवीसही तापतात. सूर्यास्तानंतर तेच पंचवीस शाल मागतात. म्हणून अमुकच एक आंकडा सर्वोत्तम असें जे छातीठोकपणें सांगतात, त्यांनीं मागच्या आसनावर बसून कधीं प्रवास केला नसावा असा मला संशय आहे.

छत्रपति संभाजीनगरास आम्ही साडेनवाला पोंचलों. बॅटरींत बारा टक्के उरले होते. चार्जरला गाडी जोडली आणि आम्ही सावलींत बसलों, तों गाडीच्या पुढच्या भागांतून असा घोंगावणारा आवाज सुरूं झाला कीं शेजारच्या कडुलिंबावरचीं साळुंकी उडून गेलीं. गाडी बंद, आंत कोणी नाहीं, आणि हा आवाज कसला, म्हणून कन्या घाबरली. कारण सोपें आहे. जलद चार्जिंगनें बॅटरी तापते, आणि बॅटरीला माणसासारखीच वीस-तीस अंशांची हवा मानवते. म्हणून जो कॉम्प्रेसर आपल्याला गार करतो, तोच तिलाही गार करूं लागतो, आणि पुढचा मोठा पंखा त्याची ऊब बाहेर फेकतो. अशा वेळीं गाडींतच एसी लावून बसलें, तर एका कॉम्प्रेसरवर दोन पंगती वाढावयाचें काम पडतें. आम्ही बाहेर बसलों हें त्याला बरें झालें. पन्हें आणि गूळपोळी सोबत होतीच. निघण्यापूर्वीं दहा मिनिटें पुतण्यानें मोबाइलवरूनच एसी सुरूं केला, तोंवर तार जोडलेलीच होती. तापलेली गाडी गार करण्यास जी पहिली मोठी वीज लागते, ती अशा रीतीनें चार्जरची खर्च झाली, बॅटरीची नाहीं. ही युक्ति ज्यांच्या दारीं अशी गाडी आहे त्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. उन्हांत उभी असलेली बंद गाडी अर्ध्या तासांत भट्टी होते, आणि त्या भट्टींत प्रथम कांचा उघडून, कोंडलेली हवा बाहेर घालवून मगच एसी लावणें, हें विजेच्या आणि पेट्रोलच्या दोन्ही गाड्यांना सारखेंच लागूं आहे.

तेथून समृद्धि महामार्ग. मुंबईच्या बाजूस आमण्यापासून नागपुरापर्यंत ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजीं. रस्ता सिमेंट-काँक्रीटचा आणि बाणासारखा सरळ. गाडी शंभराच्या घरांत गेली आणि काँक्रीटवर टायरांचा असा गंभीर घोष सुरूं झाला कीं एसीचा आवाज त्यांत कोठल्या कोठें लोपला. काकूंनीं श्रवणयंत्र पुन्हां काढलें. या वेळीं मात्र दोष एसीचा नव्हता.

जालना मागें पडलें. दुपार झाली, आणि एक नवीनच वाद उभा राहिला. आम्ही पूर्वेकडे चाललों होतों, त्यामुळें माध्यान्हीनंतर सूर्य पाठीमागच्या कांचेंतून आंत येऊं लागला. मागें वहिनी पदरानें वारा घेत होत्या, आणि पुढें माझीं बोटें गारठलीं होतीं. अंशांचा आंकडा ज्या हवेवरून ठरतो ती हवा मोजणारा डोळा पुढच्या बाजूस, चालकाजवळ असतो. मागच्या आसनावरचा वैशाख त्याला ठाऊक नसतो. मागच्या कांचेला ओला पंचा लावला. काकूंच्या चेहऱ्यावर तेव्हां जो भाव उमटला तो वर्णन करण्याजोगा होता.

सिंदखेडराजाजवळ सर्वजण गप्प झालों. जिजाऊंचें जन्मस्थान म्हणून हात जुळतात, आणि याच परिसरांत १ जुलै २०२३ च्या रात्रीं प्रवासी बस उलटून पेटली व पंचवीस माणसें गेलीं, म्हणून मनही दडपतें. या रस्त्यावर एक धोका असा आहे कीं सरळ मार्ग, गार हवा आणि एकसुरी आवाज यांनीं डोळा लागूं पाहतो. त्यांत आंतलीच हवा आंत फिरविण्याची कळ दाबलेली असली तर पांच माणसांचे निःश्वास तेथेंच सांचत जातात आणि डोकें जड होतें. वीज वांचते म्हणून ती कळ दिवसभर दाबून ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्हीं दर अर्ध्या तासानें बाहेरची हवा थोडा वेळ आंत घेत होतों. ती हवा वणव्यासारखी होती, तरी घेत होतों.

मेहकर सोडल्यावर थोड्याच अंतरावर विसांव्याचें ठिकाण होतें. तेथें चार्जर आहे असें मोबाइलवर दिसत होतें, आणि तो होताही, पण बंद. त्याच्या पडद्यावर नुसताच काळोख, आणि शेजारीं झाडाखालीं निजलेला एक गडी, त्यानें डोळे न उघडतां हात हलवून ‘नाहीं’ म्हणून सांगितलें. घड्याळांत अडीच वाजले होते. बाहेर त्रेचाळीस अंश. बॅटरींत सत्तावीस टक्के, म्हणजे पंचेचाळीस युनिटांच्या बॅटरींत सुमारें बारा युनिट. पुढचा चार्जर पासष्ट किलोमीटरांवर.

पुतण्यानें ताबडतोब एसी बंद केला. दोन मिनिटांत आंतली हवा बदलली. काकूंच्या कपाळावर घाम दिसूं लागला, आणि त्या कांहीं बोलल्या नाहींत, उलट “माझी काळजी करूं नको रे,” असेंच म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, “आधीं हिशेब कर, मग बंद कर.” तेव्हां पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला, तो असा. शंभराच्या वेगानें या गाडीला एका युनिटांत सहा किलोमीटर मिळतात. पासष्टांना जवळजवळ अकरा युनिट. एसीला ताशीं दीड, म्हणजे तेवढ्या वेळांत एक. एकूण बारा, म्हणजे कांठावर. एसी बंद ठेवला तर एक युनिट वांचेल, आणि त्यासाठीं एक्याऐशीं वर्षांचें माणूस पाऊणतास भट्टींत बसेल. परंतु वेग पंचाहत्तरावर आणला तर? वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्यानें कमी होतो. एका युनिटांत साडेसात किलोमीटरांहून अधिक मिळूं लागतात, चाकांना साडेआठच युनिट पुरतात. एसी सत्तावीस अंशांवर, ब्लोअर सर्वांत खालच्या पायरीवर ठेवला तर त्याला जास्तींत जास्त एक युनिट. एकूण साडेनऊ. म्हणजे एसी चालूं ठेवून, नुसता पाय आवरून, दुप्पटीहून अधिक बचत. पुतण्या त्या कागदाकडे बराच वेळ पाहात राहिला.

चाकें वीज खातात तीं अंतराच्या आणि वेगाच्या हिशेबानें, एसी खातो तो घड्याळाच्या. गांवांत गर्दींत तासाला वीस किलोमीटर चालतांना एसीचा वांटा मोठा दिसतो, तो यामुळेंच. महामार्गावर तो दहावा हिस्साही नसतो. एवढी गोष्ट ध्यानांत न घेतां कित्येक लोक उन्हाळ्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना घाम गाळावयास लावतात आणि स्वतः मात्र एकशेंदहानें गाडी हांकतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

गाडी डाव्या मार्गिकेंत आली. पंचाहत्तर. मालवाहू ट्रक आम्हांला मागें टाकून जाऊं लागले. आणि मग जें झालें तें कोणाच्याही हिशेबांत नव्हतें. वेग उतरतांच टायरांचा घोष उतरला. ब्लोअर पहिल्या पायरीवर, म्हणजे ऐकूंही येईना. कॉम्प्रेसर मंद गतीनें, कोणी दूरवर झोंपाळ्यावर बसलें असावें तसा. पहांटेच्या त्या तासाइतकीच शांतता गाडींत पसरली. काकूंनीं न सांगतां दोन्ही श्रवणयंत्रें कानांत घातलीं. आम्ही चौघे पडद्यावरच्या टक्क्यांकडे डोळे लावून बसलेले, आणि त्यांना त्याचें कांहींच नव्हतें.

“मेहकर गेलें का?” त्यांनीं विचारलें. गेलें म्हटल्यावर त्या सांगूं लागल्या. त्यांचे वडील तेथें कचेरींत कारकून होते. दोघी बहिणी शारंगधर बालाजीच्या देवळांत खेळून मोठ्या झाल्या. उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत बाजेवर ओली चादर पांघरून निजत. आई दोघींच्या मध्यें बसून वाळ्याच्या पंख्यानें वारा घाली, आणि जिच्याकडे पंखा वळला नाहीं ती रडे. “ती लबाड,” काकू बहिणीविषयीं म्हणाल्या, “झोंप लागली तरी हुंकार भरायची, म्हणजे आईचा हात थांबूं नये.” आई गेली त्या वर्षीं धाकटी बाळंतीण होती, तिला येतां आलें नाहीं. शेवटच्या दोन दिवसांत आई काय बोलली तें तिनें काकूंना पुष्कळदां विचारलें होतें. “पत्रांत तें लिहवेना, आणि फोनवर मेलें ऐकूं येत नाहीं. तेवढें सांगायला चाललें आहें मी.” माझी कन्या त्यांच्या खांद्याला टेकून ऐकत होती. वहिनींनीं आरशांतून पुतण्याकडे पाहिलें; त्यानें ब्लोअरला हात लावला नाहीं, वेगही वाढविला नाहीं, जरी वाशीम जिल्ह्यांत शिरल्यावर वाढविण्यास थोडी मोकळीक होती.

पुढच्या चार्जरवर पोंचलों तेव्हां पांच टक्के शिल्लक होते. येथें चार्जर चालूं होता, आणि मनुष्य जागा होता.

नॉर्वेंत आमच्या नात्यांतील एक मुलगी नोकरीनिमित्त असते. तिला रात्रीं ही हकीकत कळविली तेव्हां तिनें उत्तर धाडलें कीं तिकडे हाच हिशेब उलटा मांडतात. त्या देशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं दहांत जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि त्यांची चिंता गाडी ऊबदार ठेवण्याची. इंजिन नाहीं, म्हणून त्याची फुकटची ऊबही नाहीं. ती बॅटरींतूनच काढावी लागते, आणि शून्याखालच्या थंडींत ती आपल्या एसीपेक्षां कितीतरी महाग पडते. तेथें लोक सर्व गाडी तापविण्याऐवजीं आसन तेवढें तापवितात. उष्ण देशांत वीज थोडी लागते हें वाचून नागपूरकरांना किती समाधान होईल तें सांगवत नाहीं.

कारंजा आलें तेव्हां ऊन कललें होतें. नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, काकूंनीं महामार्गावरूनच नमस्कार केला, कारण उतरलों असतों तर मुक्काम झाला असता. वर्धा ओलांडतां ओलांडतां सूर्य बुडाला, आणि तेच पंचवीस अंश, जे दुपारीं वहिनींना अपुरे होते, ते आतां सर्वांना टोंचूं लागले. सत्तावीस केले; मग एसी बंदच केला आणि कांचा दोन बोटें उतरविल्या. नागपूर शहरांत शिरतांना मात्र गर्दीनें गांठलें, आणि तेथें गाडी मुंगीच्या पायांनीं चालत असतां पडद्यावर एसीचा वांटा एक-तृतीयांशावर गेलेला कन्येनें मोठ्यानें वाचून दाखविला.

महालांतल्या वाड्यांत पाहुण्यांची दाटी होती. जेवणानंतर यजमानांनीं पुतण्यास गाडीचा खर्च विचारला, आणि त्यानें मोबाइलवरील नोंद वाचून दाखविली : अंतर सुमारें सातशें किलोमीटर, एकूण वीज ११६ युनिट, त्यांपैकीं एसीला बारा. वाटेंतील चार्जरवर युनिटला वीस-बावीस रुपये पडले; म्हणजे पांच माणसें वैशाखांत पुण्याहून नागपुरास गार हवेंत आलीं, त्या गारव्याचे अडीचशें रुपये. यजमान म्हणाले, एवढ्या पैशांत आमचा कूलर कांहीं दिवस चालेल. नागपूरचा कूलर ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं एवढेंच समजावें कीं, पत्र्याची एक भली मोठी पेटी खिडकींत बसविलेली असते, तीन बाजूंना ओलें गवत किंवा वाळा, आंत पंखा, आणि त्याचा आवाज विमान उतरत असल्यासारखा. तेथील मुलांना तो आवाज थांबला तर झोंप येत नाहीं.

दिवाणखान्यांत अशा दोन कूलरांपुढें सर्व पाहुणे ओळीनें पसरले होते. काकूंची आणि त्यांच्या बहिणीची अंथरुणें यजमानीणबाईंनीं मुद्दाम कूलरच्या अगदीं समोर घातलीं होतीं. दोघी तेथें थोडा वेळ बसल्या. एकमेकींच्या तोंडाकडे पाहून हंसल्या, कांहीं म्हणाल्या, पुन्हां म्हणाल्या. मग धाकटी उठली, काकूंचा हात धरला, आणि दोघी भिंतीचा आधार घेत घेत मागच्या माजघरांत गेल्या. तेथें कूलर नव्हता, खिडकीही नव्हती. अडतीस-एकोणचाळीस अंश तरी असावेत. वहिनींनीं तांब्याभर माठाचें पाणी आणि वाळ्याचा एक पंखा नेऊन दिला. रात्रीं दोन वाजतां मी पाणी पिण्यास उठलों, तेव्हां दार लोटलेलें होतें, आंतून पंख्याची हलकी फडफड येत होती, आणि काकू अगदीं हळू आवाजांत बोलत होत्या.